पुण्यात स्थलांतरित पक्षी बघायला भिगवणलाच जावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की गाडी नाही, रविवारची सकाळ तेवढी मोकळी असते, तर भिगवणला न जाता काही दिसेल का. दिसेल की! मी कोथरूडला राहतो आणि पाऊस ओसरायला लागला की वेताळ टेकडीच्या फेऱ्या सुरू करतो.

भिगवणजवळ उजनी धरणाच्या पाण्यातले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, कधीतरी बघून या, प्रश्नच नाही. पण टेकडीवरचे पाहुणे वेगळे. मुठीत मावतील एवढे, बरेचसे मातकट रंगाचे, आणि दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत जागेवर थांबतील तर शपथ.

सुरुवात टेकडीवरच्या दगडखाणीपासून करा. पावसाळ्यानंतर तिथे पाणी असतं आणि काठच्या दगडांवर करडा धोबी शेपूट वरखाली हलवत हिंडत असतो. नाव करडा, पोट मात्र पिवळं, त्यामुळे नवखा माणूस हमखास वहीत ‘पिवळा धोबी’ लिहितो. मीही लिहिलाय. हिवाळी पाहुण्यांत हा लवकर येणारा, गणपतीच्या सुमारास हजर. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी मुंबईत अशाच एका धोब्याच्या पायात कडी घातली होती, तर तो पुढची काही वर्षं त्याच हिरवळीवर परतत राहिला. हिमालयाकडून निघायचं आणि एवढ्या मोठ्या मुंबईत नेमकं तेच अंगण गाठायचं!

हे वाचल्यावर मी टेकडीभर वणवण करणं सोडलं. पहिल्या वर्षी प्रत्येक आवाजामागे पळायचो आणि घरी येताना पदरात काय, तर बुलबुल. आता खाणीजवळ एका बाभळीपाशी पाऊण तास बसतो, बस्स.

गेल्या ऑक्टोबरातला एक रविवार सांगतो. पहिली वीस मिनिटं बुलबुल, शिंपी पक्षी आणि फिरायला आलेल्या कोणाच्या तरी मोबाइलवरची भजनं. मग डोक्यावर पानांत ‘चिस्-ली, चिस्-ली’. ग्रीनिश वॉर्ब्लर. मराठीत त्याला हिरवट वटवट्या म्हणता येईल, पण टेकडीवर कोणी म्हणताना मी ऐकलं नाही. वजन साधारण 7-8 ग्रॅम, म्हणजे खिशातलं दहा रुपयांचं नाणं. ते नाणं हिमालय किंवा त्याच्याही पलीकडून उडत येतं, हे मला अजूनही नीट पचलेलं नाही. मान दुखेपर्यंत वर बघितलं तेव्हा कुठे भुवईसारखी फिकट रेघ दिसली. पण खरं सांगू का, आवाज ओळखता आला की रेघ नाही दिसली तरी चालतं.

खाली उतरताना दगडावर थिरथिरा भेटला, नावाप्रमाणे शेपटी थरथरवत. मी त्याच्याकडे बघत उभा, तर एक काका हळूच विचारतात, “काय, बिबट्या दिसला का?” धोबी-थिरथिरा ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरा पडलाच.

दुर्बीण 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरते. ती नसेल तरी या, धोबी नुसत्या डोळ्यांनीही छान दिसतो. फक्त साडेसहाच्या सुमाराला वर पोहोचा. आठनंतर लोक आपापली कुत्री घेऊन खाणीवर येतात, त्यातलं एखादं पाण्यात उडी मारतं, आणि धोबीबुवा निघून जातात.