वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यातला वानवळा

प्रश्न : जुळे सोलापुरातील आमच्या गच्चीवर पंधरा-वीस कुंड्या आहेत. थंडीत टोमॅटो आणि कोथिंबीर भरपूर झाली. परंतु मार्च लागताच टोमॅटोची फुले गळू लागली आणि कोथिंबीर तुऱ्यावर आली. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. उन्हाळाभर कुंड्या पालथ्या घालून ठेवाव्यात काय?

उत्तर : कुंड्या पालथ्या घालण्याचे कारण नाही, त्यांतील पीक मात्र बदलावे लागेल. दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या पुढे गेले आणि रात्रीही हवा निवेनाशी झाली, की टोमॅटोचे परागकण निकामी होऊन फूल फळ न धरताच गळते, आणि आपल्याकडे तर पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो. त्या झाडाला कितीही खत घातले तरी उपयोग होत नाही. याउलट भेंडी, गवार, चवळी, तांदुळजा आणि अंबाडी ही मंडळी उन्हाचीच आहेत. तांदुळजा पंचवीस ते तीस दिवसांत खुडण्याजोगा होतो, तर भेंडीचा पहिला तोडा साधारण दीड महिन्याने मिळतो; म्हणून भेंडीचे बी रात्रभर भिजवून याच आठवड्यात टोकावे.

पाण्याच्या टंचाईपेक्षा तापलेला स्लॅब झाडाला अधिक छळतो, असे माझे मत आहे. कुंडी थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी, काळ्या पिशवीला बाहेरून गोणपाट गुंडाळावे आणि मातीवर चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. आपल्या जिल्ह्यात उसाच्या पाचटाची वाण नाही. एखाद्या शेतकऱ्याकडून आणलेले पोतेभर पाचट सगळा उन्हाळा पुरते. नुसती काळी माती कुंडीत भरू नये, कारण ती वाळली की आक्रसून कडेने भेगा पडतात आणि वरून घातलेले पाणी मुळांना न भेटता त्या भेगांतून खाली निघून जाते. तिच्यात कुजलेले शेणखत निम्म्या प्रमाणात आणि थोडी वाळू मिसळावी. मोठ्या कुंडीत मध्यभागी कच्च्या भाजणीचे लहान मडके गळ्यापर्यंत पुरून, ते पाण्याने भरून तोंडावर झाकण ठेवले, तर पाणी हळूहळू झिरपत राहते आणि नळाला पाणी नसलेले दिवस बऱ्यापैकी निभावतात. हिरव्या जाळीची सावली पालेभाज्यांना जरूर करावी. गवारीला तिची गरज नाही.

प्रश्न : विडी घरकुलातील आमच्या गल्लीत चार घरी भाज्या लावतात, परंतु सर्वांकडे एकाच वेळी भेंडी येते आणि घ्यायला कोणी नसते. शिवाय मागच्या वर्षी एका घरून आलेला दुधी भोपळा कडू निघाला. भिडेखातर आम्ही तो खाल्ला आणि दोघांना उलट्या झाल्या. असे का झाले?

उत्तर : आधी दुधीविषयी. काकडी, दोडका आणि दुधी यांच्यात कडवटपणा आणणारे द्रव्य असते. कडक ऊन आणि पाण्याचा ताण यांमुळे ते वाढू शकते. कडू दुधी, विशेषतः त्याचा रस, खरोखर विषारी ठरतो आणि उलट्या-जुलाबांपासून रक्तस्रावापर्यंत त्रास होऊ शकतो. शिजवल्याने कडूपणा जातो, हा समज चुकीचा आहे. म्हणून दुधी देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही चिरताना देठाकडची बारीकशी फोड जिभेला लावून पाहावी, कडू लागली तर थुंकून सगळे फळ टाकून द्यावे, आणि यात कोणी कोणाचा अपमान मानू नये. (कारल्याला हा नियम अर्थातच लागू नाही.)

आता भेंडीचे. वानवळा देणे ही केवळ शेजारधर्माची गोष्ट नाही, झाडाचीही ती गरज आहे. भेंडी एक दिवसाआड तोडली नाही, तर ती जून होते, बी धरते आणि झाड नवीन फुले कमी करते. गवारीचेही तसेच आहे. म्हणजे नको असलेली भेंडी झाडावर ठेवण्यापेक्षा तोडून वाटून टाकणे केव्हाही लाभाचे. यंदा चारही घरांनी बसून पिके वाटून घ्यावीत. एकाने भेंडी लावली, तर दुसऱ्याने पंधरा दिवसांनी लावावी, तिसऱ्याने गवार आणि चौथ्याने अंबाडी. सोलापूरच्या आपल्या तेलुगूभाषक पूर्वभागात अंबाडीला, म्हणजेच गोंगुऱ्याला, घेणारे हात कधी कमी पडत नाहीत. तिचे शेंडे खुडले की बाजूने फुटवे येतात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ती चार घरी सहज संपते. कडुनिंबाच्या अर्काची फवारणी केली असेल, तर ते घेणाऱ्याला सांगावे आणि भाजी दोन-तीन दिवस थांबून तोडावी. हंगामाच्या शेवटी उत्तम झाडावरच्या दोन शेंगा वाळू देऊन ते बीही वाटावे. मात्र पाकिटावर ‘संकरित’ लिहिलेल्या बियाण्याची पुढची पिढी तशीच येत नाही.

प्रश्न : पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना चालेल काय?

उत्तर : कुंडीतल्या भाजीला नको. त्यात मूळ पाण्यातील क्षार एकवटलेले असतात आणि बोअरचे पाणी असेल, तर महिन्याभरात मातीवर पांढरा थर दिसू लागतो. ते फरशी पुसायला वापरावे. कुंड्यांना डाळ-तांदूळ धुतलेले पाणी, तेही त्याच दिवशी, घालावे.