नव्या विश्वासणाऱ्यासाठी: मनातली मूर्ती कशी ओळखाल

मूर्ती म्हटलं की दगड-धातू डोळ्यांपुढे येतो. पण बायबलमधल्या यहेज्केल 14:3 मधल्या इस्राएलाच्या वडीलजनांनी ती मनात मांडली होती, म्हणजे देवाची जागा दुसऱ्या कशाला दिली होती, आणि कलस्सैकरांस पत्र 3:5 लोभालाच मूर्तिपूजा म्हणतं. तेव्हा आधी सात दिवस नुसती नोंद ठेवा: उठल्यावर पहिला हात कशाला जातो, काय हातचं जाईल या भीतीनं झोप उडते. एकच उत्तर पुन्हा पुन्हा आलं, तर लांब शोधायला नको.

सगळ्यात फसवी असते ती चांगली गोष्ट. साप चावलेले इस्राएली ज्याच्याकडे पाहून वाचत, तो पितळी साप मोशेनं देवाच्या सांगण्यावरूनच केला. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजानं तो फोडून टाकला (2 राजे 18:4). मंडळीतली सेवा, आवडता उपदेशक, मुलांचे मार्क यांचंही असंच होतं.

तुमची मूर्ती फोन असेल तर तो रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा आणि सकाळी आधी एक स्तोत्र मोठ्यानं वाचा. जागा रिकामी ठेवलीत तर जुनी सवय परत येऊन बसते. पैसा असेल तर पगाराच्या दिवशीच दान बाजूला काढा, महिनाअखेरीस उरत नाही. शिवाय एका मुरलेल्या विश्वासणाऱ्याला दर आठवड्याला खरं काय ते सांगा. बहुतेक जण कच खातात ते इथेच.