बास्केटबॉलपटू डर्क नोवित्स्कीकडे एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगचं, एकच विजेतेपद आहे, तरी त्याला एवढं मोठं का मानतात?

कारण ते एक विजेतेपद ज्या वाटेने आलं, ती वाट फार कमी खेळाडूंच्या वाट्याला येते. गोष्ट २००६ पासून सांगावी लागेल.

त्या वर्षी डर्कचा संघ डॅलस मॅव्हरिक्स अंतिम मालिकेत मायामीविरुद्ध २-० ने पुढे होते. तिसऱ्या सामन्यात साडेसहा मिनिटांच्या आसपास वेळ उरलेला आणि आघाडी १३ गुणांची. तिथून मायामीच्या ड्वेन वेडने सामना फिरवला. ३.४ सेकंद उरले असताना डर्कला दोन फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे, कुणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे शॉट) मिळाले. दोन्ही पडले असते तर बरोबरी होती. पहिला पडला, दुसरा हुकला. तो सामना गेला, पुढचे तिन्हीही गेले, आणि मालिकाही गेली.

पुढच्या मोसमात डॅलसने ८२ पैकी ६७ सामने जिंकले, डर्क लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि मोसमानंतरच्या बाद सामन्यांत पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेटने त्यांना घरी पाठवलं. त्या संघाचा प्रशिक्षक होता डॉन नेल्सन, म्हणजे १९९८ मध्ये डर्कला डॅलसमध्ये आणणाऱ्यांपैकीच एक. त्याला डर्कचा खेळ आतून-बाहेरून माहीत होता. शेवटच्या सामन्यात डर्कचे १३ पैकी फक्त २ शॉट पडले. सर्वोत्तम खेळाडूचा करंडक हातात आला तेव्हा संघ स्पर्धेबाहेर होता. ‘युरोपातले उंच खेळाडू मऊ असतात, दबावात कच खातात’ हे अमेरिकेत आधीपासून बोललं जायचं. आता ते थेट त्याचं नाव घेऊन बोललं जाऊ लागलं.

तो मूळचा जर्मनीतल्या व्युर्झबुर्गचा. आई बास्केटबॉल खेळायची, वडील हँडबॉल. किशोरवयात त्याला होल्गर गेश्विंडनर भेटला. हा १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जर्मनीकडून खेळलेला आणि गणित-भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. चेंडू रिंगमध्ये कोणत्या कोनातून पडला तर चुकीला सर्वांत जास्त वाव राहतो, हे त्याने गणित मांडून काढलं आणि डर्कचा हात त्याप्रमाणे घडवला. सोबत तलवारबाजी, वल्हवणं, सॅक्सोफोन असलं काय काय करायला लावलं. नंतर जगभर गाजलेला डर्कचा एका पायावरचा फेडअवे, म्हणजे मागे झुकत मारलेला शॉट, बघा: रिंगकडे पाठ, अंगावर बचावपटू, खांद्याची एक हूल, मग मागे रेलत एका पायावर उडी, आणि दुसरा गुडघा वर आलेला. त्या गुडघ्यामुळे बचावपटूला जवळ सरकताच येत नाही. त्यात सात फुटांचा माणूस चेंडू डोक्याच्याही वरून सोडतो. तिथे कुणाचा हात पोचणार? केव्हिन ड्युरांटसारखे खेळाडू पुढे हाच शॉट मारताना दिसतात. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण या शॉटमध्ये आहे. उंच खेळाडूने रिंगखाली उभं राहायचं हा समज मोडणाऱ्यांत तो सर्वांत पुढे होता.

आता २०११. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत ओक्लाहोमाच्या संघाविरुद्ध पहिल्याच सामन्यात डर्कचे ४८ गुण, आणि फ्री थ्रो २४ पैकी २४. २००६ मध्ये ज्याचा एक फ्री थ्रो हुकला म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खावी लागली, तोच हा माणूस.

मग अंतिम फेरीत पुन्हा मायामी. या वेळी तिकडे वेडच्या जोडीला लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश. डॅलसमध्ये त्या मोसमात ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक तारांकित खेळाडूंच्या, संघात निवडला गेलेला खेळाडू एकच, डर्क. पहिल्या सामन्यात त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध तुटला. दुसऱ्या सामन्यात सात मिनिटं उरली असताना डॅलस १५ गुणांनी मागे होते. तिथून बरोबरी झाली, आणि शेवटच्या क्षणी डर्कने बॉशला मागे टाकून विजयाचा ले-अप (रिंगच्या अगदी जवळून घातलेला शॉट) मारला, तोही त्याच डाव्या हाताने. चौथा सामना तो अंगात ताप असताना खेळला. सहाव्यात पूर्वार्धात १२ पैकी एकच शॉट पडला होता. उत्तरार्धात त्याने १८ गुण केले आणि डॅलस ४-२ ने जिंकले. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. सामना संपताच जल्लोषात न थांबता तो टेबल ओलांडून थेट ड्रेसिंग रूमकडे गेला, कारण त्याला रडू आवरत नव्हतं. ते बघताना माझेही डोळे भरून आले होते.

बाकीचे आकडेही लहान नाहीत: ३१,५६० गुण, १४ वेळा ऑल-स्टार, आणि २१ मोसम एकाच संघाकडून. एका संघाकडून एवढे मोसम एनबीएत दुसरं कुणीही खेळलेलं नव्हतं. २०१४ मध्ये दुसरे संघ कितीतरी जास्त पैसे द्यायला तयार होते, तरी तो तीन वर्षांच्या सुमारे अडीच कोटी डॉलरवर डॅलसमध्येच राहिला, म्हणजे संघाला इतर खेळाडू घेता यावेत. जर्मनीसाठी २००२ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, २००५ च्या युरोपीय स्पर्धेत रौप्य. दोन्ही वेळा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. २०१९ मध्ये तो निवृत्त झाला, २०२३ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेला.

तुम्ही त्याला खेळताना पाहिलं नसेल तर संकलित क्लिप्सच्या नादी लागू नका. २०११ च्या अंतिम मालिकेतल्या दुसऱ्या सामन्याची शेवटची सात मिनिटं सलग बघा, आणि मग जमलं तर ओक्लाहोमाविरुद्धचा तो पहिला सामना पूर्ण.