अध्यापकांविषयी अभिप्राय : निवासी डॉक्टरांचे आणि शिक्षकांचे प्रश्न

प्रश्न : मी मेडिसिन विभागात द्वितीय वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. आमच्या युनिटमध्ये आम्ही तिघेच आहोत. अध्यापकांविषयी निनावी अभिप्राय मागवला आहे, पण कोणी काय लिहिले ते सरांना कळणारच. प्रबंधावर सही त्यांची, परीक्षेलाही तेच. खरे लिहावे का?

उत्तर : तुमची भीती अनाठायी नाही. तिघांच्या युनिटमध्ये नाव गाळल्याने माणूस लपत नाही; वाक्याच्या धाटणीवरूनही तो ओळखू येतो. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल प्रशिक्षणार्थी डॉक्टरांचे दरवर्षी सर्वेक्षण करते, तेव्हा एखाद्या ठिकाणाहून तिघांपेक्षा कमी उत्तरे आली, तर तिथला निकाल दाखवलाच जात नाही. आपल्या छोट्या विभागांनी याच्याही पुढे जावे, म्हणजे दोन-तीन तुकड्यांचे अभिप्राय साठवून, त्यांची परीक्षा आटोपल्यावर, विभागाबाहेरच्या कोणी तयार केलेला एकत्रित सारांशच अध्यापकांच्या हाती द्यावा. एवढी तजवीज न करता ‘मनमोकळेपणाने लिहा’ असे सांगणे म्हणजे जोखीम तुमच्या माथी मारणे होय. तशी सोय नसेल, तर अध्यापनातील ठरावीक कृतींविषयीच लिहा, आणि तेही जड वाटत असेल तर रकाना कोरा सोडा. भीतीपोटी खोटी स्तुती मात्र लिहू नका, कारण तिचा दाखला पुढच्या तुकडीच्या तोंडावर फेकला जातो.

प्रश्न : मी शल्यचिकित्सा विभागात प्राध्यापक आहे. दरवर्षी मला पाचपैकी पाच गुण मिळतात आणि शेरा असतो, ‘सर उत्तम शिकवतात’. यातून मी काय सुधारू?

उत्तर : काहीच नाही, आणि दोष प्रश्नावलीचा आहे. ‘अध्यापक कसे शिकवतात?’ असे विचारले की उत्तर आदरापोटी येते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात तयार झालेली प्रश्नावली अध्यापकाच्या कृतींविषयी विचारते : त्यांनी काम करून दाखवले का, विद्यार्थ्याला काम करताना पाहून सूचना दिल्या का, त्याला कारणे मांडायला लावली का. अशा प्रश्नांना येणारी उत्तरे उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, ‘प्लीहा कशी चाचपायची हे सरांनी राउंडला दाखवले, पण माझा हात बरोबर पडतो का, हे वर्षभरात कोणी पाहिले नाही’ या एका वाक्यावरून उद्याच्या राउंडला काय करायचे ते ठरते. शंभर टक्के गुणांवरून ते ठरत नाही. शिवाय छापील अर्जाची वाट कशाला पाहायची? ओपीडी संपल्यावर ‘पुढच्या पंधरवड्यात मी कोणती एक गोष्ट वेगळी करू?’ एवढेच विचारा. पहिल्यांदा सगळे गप्प बसतील. कोणी एखादी किरकोळ सूचना केली आणि ती अमलात आलेली दिसली, तरच दुसऱ्यांदा कोणी तोंड उघडेल.

प्रश्न : माझ्याविषयी ‘चारचौघांत अपमान करतात’ असा शेरा आला आहे. मला तो लागला. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असताना आवाज चढतोच ना?

उत्तर : चढतो, आणि चुकीचे इंजेक्शन भरले जात असेल तर तो चढलाच पाहिजे. पण हात थांबवणे वेगळे आणि त्यानंतर रुग्णाच्या खाटेशी उभे राहून, नातेवाईक ऐकत असताना, ‘तुला प्रवेश कोणी दिला?’ असे विचारणे वेगळे. शेरा यांपैकी कशाविषयी आहे, ते तुम्हालाच ठाऊक असेल. चूक जागच्या जागी थांबवावी आणि तिची चर्चा दार लावून करावी. याचे कारण निव्वळ शिष्टाचार नव्हे : ज्याला बोलणी खायची धास्ती असते, तो रात्री पोटॅशियम वाढलेले पाहूनही फोन करायला कचरतो, आणि त्या दिरंगाईची किंमत रुग्ण मोजतो. एक विनंती, हा शेरा कोणी लिहिला याचा शोध घेऊ नका. तशी नुसती कुणकुण लागली, तरी पुढच्या वर्षी तुम्हालाही पाचपैकी पाच मिळतील.

प्रश्न : मी इंटर्न आहे. वरिष्ठ निवासी डॉक्टर शिवीगाळ करतात आणि एकदा हातही उगारला. हे अभिप्रायाच्या अर्जात लिहू का?

उत्तर : नाही. हा अभिप्राय नव्हे, तक्रार आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती असणे बंधनकारक आहे. तारीख, वेळ, वॉर्ड आणि तिथे कोण हजर होते हे लिहून तिच्याकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.