ब्रिगेड तैनात करा, पण 'तैनाती फौज' नको

लिथुआनियात उभी राहत असलेली जर्मन ब्रिगेड ही 'नाटोची तैनाती फौज' म्हणायची का, असा प्रश्न आहे. अजिबात नाही. बातम्यांत हे ऐकून कान किटले.

मराठीत 'तैनाती फौज' हे एका ठरावीक सौद्याचे नाव आहे. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचे किमान ६००० पायदळ पदरी घेतले, खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला आणि कंपनीला विचारल्याशिवाय कोणाशी बोलणी न करण्याचे कबूल केले. इथे मामला उलटा. या ब्रिगेडची, म्हणजे ४५व्या पॅन्झर (रणगाड्यांच्या) ब्रिगेडची, माणसे, पगार, रणगाडे जर्मनीचे. ज्याची फौज त्याचा खर्च, हा नाटोतला रिवाज. लिथुआनियाने बराकी, रस्ते, सरावाची मैदाने बांधायची. नाटोच्या परिषदेत निर्णय सर्वसंमतीने होतात, त्यामुळे लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियसच्या नकाराला बर्लिनच्या नकाराइतकेच वजन. यात बाजीराव कोण?

नुसते 'तैनात' मात्र खुशाल वापरा. शब्द मोठा देखणा आहे! अरबी 'ऐन' म्हणजे डोळा, आणि त्यावरून प्रत्यक्ष, नेमकी वस्तू. त्यापासून 'तअयीन' म्हणजे नेमून देणे, आणि त्याच्या अनेकवचनाचे आपण 'तैनात' केले. म्हणजे 'ऐन वेळी', 'ऐन उमेदीत', 'ऐनजिनसी' (रोख नव्हे, वस्तूंच्या रूपातले) ही सगळी याची भावंडे. (आरशाचा 'ऐना' या घरात घुसवणाऱ्यांनी कृपया थांबावे, तो फारसी, त्याचे कूळ वेगळे.) पेशवाईच्या कागदांत तैनात म्हणजे नेमून दिलेले वेतन, 'तैनातजाबता' म्हणजे त्याचा तक्ता. तुर्कीत तर याच शब्दाच्या एका रूपाचा अर्थ नेमणूक आणि दुसऱ्याचा शिपायाचा शिधा, त्याच्या वाट्याचा पाव. माझा तर्क असा की आपल्याकडेही आधी भाकरी तैनात झाली, शिपाई नंतर. 'तैनाती म्हणजे रक्षणासाठी ठेवलेली' हा शालेय अर्थ म्हणूनच मला अर्धवट वाटतो. रक्षण कुठलीही फौज करते. तैनातीत पोशिंदा कोण, हे आधी विचारायचे.

'कुमक' सुचवणाऱ्यांनाही एक सांगणे. २०१७ पासून लिथुआनियातल्या रुक्लात जर्मनीच्या नेतृत्वाखाली जी बहुराष्ट्रीय तुकडी होती, ती छोटी. संकट आलेच तर तिच्या मदतीला जी जादा फौज मागून येणार होती, ती कुमक. २०२७ पर्यंत सुमारे ५००० माणसांनी जी कायमचे ठाण मांडणार, ती कुमक कशी? ब्रिगेडला ब्रिगेडच म्हणा.