वाचकांचे प्रश्न : होस्टिंग तर घेतलं, आता वर्डप्रेस कसं टाकायचं?

या महिन्यात आलेल्या मेलमधे निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच विषयाचे आहेत, स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर, वर्डप्रेस हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर टाकायचं कसं आणि टाकल्यावर ते बिनसलं तर काय करायचं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच. नावं मुद्दाम गाळली आहेत.

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयाचे कार्यवाह विचारतात : डोमेन म्हणजे साइटचं नाव एका कंपनीकडून घेतलं, होस्टिंग दुसरीकडून. सीपॅनेल या होस्टिंगच्या व्यवस्थापन पानावरच्या बटणानं वर्डप्रेस टाकलं. आमचा पत्ता उघडला तर डोमेनवाल्याचीच जाहिरात दिसते. होस्टिंगवाले म्हणतात आमचं सगळं बरोबर आहे. आता काय करायचं?

काका, होस्टिंगवाले खरं सांगताहेत. तुमचं वर्डप्रेस तिथे व्यवस्थित बसलेलं असणार, पण तुमचं डोमेन अजून जुन्याच ठिकाणी बोट दाखवतंय. डोमेन जिथून घेतलं तिथे लॉगिन करा, नेमसर्व्हर (डोमेन कुठे न्यायचं ते सांगणारा सर्व्हर) अशी जागा सापडेल, तिथे होस्टिंगवाल्यांनी पहिल्या मेलमधे पाठवलेले दोन पत्ते टाका. बहुतेकदा काही तासांत होतं, पण एकदोन दिवसही लागू शकतात, आणि तेवढ्यात तुमच्या फोनवर साइट दिसेल आणि कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर नाही असंही होईल, घाबरू नका.

मात्र एक गोष्ट आधी बघा. वाचनालयाचा ईमेल त्याच डोमेनवर चालू आहे का? असेल तर नेमसर्व्हर सरसकट बदलू नका, कारण मेल कुठे पोचवायचा हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी पण जुन्या नेमसर्व्हरवरच असतात, त्या मागे राहिल्या की मेल यायचे बंद होतात आणि आठवडाभर कुणाच्या लक्षातही येत नाही. अशा वेळी नेमसर्व्हर आहे तसाच ठेवून फक्त ए रेकॉर्डमधे, म्हणजे साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदीमधे, होस्टिंगचा आयपी पत्ता टाकायचा, साइट नवीन जागी जाते आणि मेल जिथे होता तिथे राहतो.

आता क्रम. माझ्या मते आधी डोमेन वळवा, मग कुलुपाचं चिन्ह म्हणजे एसएसएल चालू झालं का बघा आणि मगच वर्डप्रेस टाका. बरेच जण उलट करतात. डोमेन सर्व्हरकडे वळलेलं नसेल तर फुकटचं सर्टिफिकेट सहसा मिळतच नाही, मग वर्डप्रेस साध्या एचटीटीपीवर बसतं आणि नंतर निम्मे फोटो 'नॉट सिक्युअर' म्हणून त्रास देतात. आणि बटणानं टाकताना, ते बटण सॉफ्टॅक्युलस या साधनाचं असेल तर, 'इन डिरेक्टरी' नावाचा रकाना येतो, त्यात बऱ्याचदा डब्ल्यूपी ही दोन अक्षरं आधीच भरलेली असतात, ती पुसा. नाही पुसली तर साइट तुमच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि डब्ल्यूपी लिहिल्यावरच उघडते. तुमच्याकडे तसं झालं असेल आणि अजून काही लिहिलेलं नसेल तर सरळ काढून पुन्हा टाका, पाच मिनिटांचं काम आहे. बरंच लिहून झालं असेल तर काढू नका, फाइल्स तिथेच ठेवून साइट मुख्य पत्त्यावर आणता येते : सेटिंग्जमधे फक्त साइट ॲड्रेस बदलायचा, आणि इंडेक्स.पीएचपी व एचटीॲक्सेस या दोन फाइल्सची कॉपी बाहेरच्या फोल्डरमधे ठेवून इंडेक्समधला रस्ता एका ओळीत दुरुस्त करायचा.

ॲडमिनचं नाव 'ॲडमिन' ठेवू नका. टाइमझोन कोलकाता करा, नाहीतर कार्यक्रमाची सूचना साडेपाच तास उशिरा प्रसिद्ध होते.

नांदेडहून इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी : सर, मी बटण न वापरता हाताने इन्स्टॉल केलं. फाइल्स अपलोड केल्या, डेटाबेस बनवला, पण 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन' एवढंच येतं. पासवर्ड दहा वेळा तपासला.

हाताने केलंस हे फार चांगलं केलंस. मी प्रत्येकाला सांगतो की एकदा तरी हाताने करा, कारण तेव्हाच कळतं की वर्डप्रेसची साइट म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फाइल्स एकीकडे आणि डेटाबेस दुसरीकडे. तुझे लेख, पानं, कॉमेंट्स, सेटिंग्ज सगळं डेटाबेसमधे असतं, फोटो आणि थीम फाइल्समधे, आणि या दोघांची ओळख करून देणारी एकच फाइल, डब्ल्यूपी-कॉन्फिग. हे डोक्यात बसलं की पुढे साइट हलवताना, बॅकअप घेताना, बिघाड शोधताना कुठे बघायचं हे आपोआप कळतं.

तुझा प्रॉब्लेम पासवर्डचा नसावा. सीपॅनेलमधे तू डेटाबेसला 'ब्लॉग' असं नाव दिलंस तरी ते तसंच राहत नाही, बहुतेक ठिकाणी तुझ्या होस्टिंग अकाउंटचं नाव आणि एक अंडरस्कोर पुढे लागतो, म्हणजे अकाउंट 'रसिक' असेल तर नाव होतं 'रसिक_ब्लॉग'. युजरचंही तसंच. कॉन्फिग फाइलमधे ही पूर्ण नावं हवीत. दुसरी गोष्ट, जी नव्वद टक्के मुलं विसरतात असं मला वाटतं : डेटाबेस बनवला, युजर बनवला, पण 'ॲड युजर टू डेटाबेस' करून ऑल प्रिव्हिलेजेस दिलेच नाहीत. खोली बांधली, माणूस नेमला आणि किल्ली दिलीच नाही, तसं ते. त्याच पानावर खाली तो पर्याय असतो, बघ. होस्टच्या जागी सहसा लोकलहोस्टच चालतं, काही ठिकाणी डेटाबेसचा सर्व्हर वेगळा असतो, तिथे सपोर्टला विचारावं लागतं.

हे सगळं बरोबर असूनही चालत नसेल तर पासवर्डमधे एकेरी अवतरणचिन्ह किंवा त्याच्या शेवटी उलटी तिरकी रेघ आहे का बघ. कॉन्फिग फाइलमधे पासवर्ड एकेरी अवतरणातच लिहिलेला असतो, त्यामुळे तसं चिन्ह आलं की फाइल तिथेच तुटते. आणि ही फाइल वर्डमधे उघडून सेव्ह करायची नाही, साधं नोटपॅड किंवा सीपॅनेलचा फाइल मॅनेजरच वापर, वर्ड सरळ अवतरणं वाकडी करून टाकतं.

पुण्याहून एका दिवाळी अंकाच्या संपादक : आमचे जुने अंक साइटवर टाकायला घेतलेत. डीटीपीच्या फाइलमधून मजकूर पेस्ट केला की भलतीच इंग्रजी अक्षरं येतात. नवीन होस्टिंगवर साइट हलवली तेव्हा काही जुन्या लेखांत नुसती प्रश्नचिन्हं आली. शिवाय लेखाच्या लिंका टक्केचिन्हांनी भरलेल्या आणि अर्ध्यातच तुटलेल्या दिसतात. फॉन्ट बदलू का?

ताई, फॉन्ट बदलून यातलं काहीच सुटणार नाही, आणि तीन तक्रारींची कारणं तीन आहेत.

पहिली. श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमधे लावलेला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतोच, इंग्रजी कोडवर मराठी आकार बसवलेले असतात. तो युनिकोडमधे बदलून घ्यावाच लागतो, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. पण कन्व्हर्ट झालेला मजकूर न वाचता टाकू नका हो. जुन्या फॉन्टमधे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमधे हे दोन्ही बरोबर उलटं साठवतात, त्यामुळे कन्व्हर्टर घसरतो तो इथेच. 'स्थिती', 'वर्षा', 'दुसऱ्या', 'सुऱ्या' असे शब्द शोधून शोधून तपासा, विशेषतः कवितांमधे, कारण तिथे चुकलेला शब्दही वाचकाला कवीचाच वाटू शकतो. एवढी वर्षं जपलेले अंक आहेत, घाईत एकदम टाकण्यापेक्षा महिन्याला एक अंक नीट तपासून टाका.

दुसरी, प्रश्नचिन्हं. साइट हलवताना डेटाबेसचं कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, चुकलं, बहुतेक लॅटिन-१ झालं असणार, ज्यात मराठी अक्षरं नसतातच. मराठी आणि इमोजी दोन्ही यूटीएफ८एमबी४ मधे नीट बसतात, २०१५ च्या ४.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःहून तेच वापरतं, पण जुन्या साइटचा बॅकअप आयात करताना जुनंच सेटिंग सोबत येऊ शकतं. डेटाबेसमधेच प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील तर अक्षरं तिथून गेलेली आहेत, ती जुन्या होस्टिंगच्या बॅकअपमधूनच परत आणावी लागतील, म्हणून जुनं होस्टिंग अजून चालू असेल तर कृपा करून बंद करू नका. याउलट काही लेखांत डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसत असेल तर ती चांगली बातमी समजा, मजकूर शाबूत असतो, फक्त चुकीच्या पद्धतीनं वाचला जातोय, जाणकार माणूस तो दुरुस्त करू शकतो. पण आधी बॅकअप.

तिसरी, लिंका. देवनागरीचं एकेक अक्षर यूटीएफ-८ मधे तीन बाइट घेतं आणि पत्त्यात लिहिताना त्याची नऊ चिन्हं होतात, आणि वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याच्या तुकड्याला दोनशे चिन्हांचीच जागा देतं. म्हणजे जेमतेम बावीस अक्षरं, त्यातही काना, वेलांटी आणि जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह ही सगळी वेगळी अक्षरं म्हणून मोजली जातात. 'महाराष्ट्रातील वाचन चळवळ' या शीर्षकात अशी बरोबर बावीस होतात आणि दोन शब्दांमधल्या रेघा धरून दोनशे चिन्हं भरतात. पुढे एक काना पण बसत नाही. म्हणून प्रत्येक लेखाच्या उजवीकडच्या पट्टीत पत्त्याचा रकाना असतो तिथे छोटा रोमन पत्ता लिहा. मराठी पत्ता काहींना आवडतो, मलाही बघायला आवडतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवला की त्या टक्केचिन्हांच्या ओळीवर कुणी बोट ठेवायला धजत नाही. प्रसिद्ध झालेल्या लेखाचा पत्ता बदलला तरी वर्डप्रेस जुना लक्षात ठेवून वाचकाला नव्याकडे नेतं, तेव्हा आधीच्या लेखांचेही बदलू शकता.

आणि फॉन्टचं विचारलंच आहे तर, साइटची भाषा सेटिंग्जमधे मराठी करा, म्हणजे ज्या फॉन्टमधे मराठी वळणाचे ल आणि श आहेत तिथे ते दिसू शकतील. टिरो देवनागरी मराठी हा खास मराठीसाठीचा आहे, साहित्याच्या मजकुराला शोभतो. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता मोबाइलवर छान वाचता येतो.

अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या नव्या कार्यकारिणीतून : मंडळाची साइट आधीच्या समितीतल्या एकांनी केली होती. ते आता दुसऱ्या राज्यात गेलेत, ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडेच नाही. होस्टिंगचं लॉगिन आहे. गणपतीच्या आत साइट सुरू व्हायला हवी.

होस्टिंगचं लॉगिन आहे ना, मग पासवर्ड आजच बदलता येईल. सीपॅनेलमधून पीएचपीमायॲडमिन हे डेटाबेस बघायचं साधन उघडा, डेटाबेसमधे ज्या टेबलच्या नावाच्या शेवटी 'युजर्स' आहे ते उघडा, ॲडमिनच्या ओळीतला ईमेल बदलून मंडळाचा टाका आणि लॉगिनच्या पानावर 'पासवर्ड विसरलात' दाबा. सर्व्हरवरून मेल येत नसेल तर त्याच ओळीत पासवर्डच्या रकान्यात नवा पासवर्ड लिहून शेजारच्या फंक्शनच्या यादीतून एमडी५ निवडा. लॉगिन झालात की वर्डप्रेस स्वतःच तो जास्त सुरक्षित रूपात साठवतं.

पण मला तुमच्या डोमेनची जास्त काळजी वाटते. डोमेन कुणाच्या अकाउंटमधे आहे आणि कधी संपतंय हे हूइज या डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर शोधलंत तर निदान कंपनी आणि मुदतीची तारीख कळेल. ते त्या सद्गृहस्थांच्या वैयक्तिक खात्यात आणि त्यांच्या कार्डवर असेल, आणि कार्ड बदललं असेल, तर नूतनीकरण होणार नाही. मुदतीनंतर थोडे दिवस सवलत मिळते, पुढे सोडवून घ्यायला बरीच जास्तीची फी पडते, आणि तेही गेलं तर नाव कुणीही उचलू शकतं. त्यांना आजच फोन करा आणि ते आनंदानं देतीलही, डोमेन मंडळाच्या सामाईक ईमेलच्या खात्यावर हलवून घ्या. सगळे पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघांकडे राहू द्या. पासवर्ड बदलल्यावर ॲडमिनच्या यादीत जुनी कुणाची नावं शिल्लक आहेत ते बघून त्यांचा अधिकार कमी करा, खातं पुसू नका, पुसताना त्यांचे लेखही पुसले जाऊ शकतात.