पिकअप घेताय? आधी माल तोला, मग शोरूम गाठा

गेल्या पंधरवड्यात छोट्या मालवाहू गाड्यांबद्दल बरेच प्रश्न आले. त्यातल्या तिघांची उत्तरं इथे एकत्र देत आहे.

प्रश्न : जुन्नर तालुक्यात अर्धा एकर टोमॅटो, दोन एकर कांदा आणि दोन गाई आहेत. नारायणगावचा बाजार 14 किलोमीटरवर. घरात पाच माणसं. माल नेता येईल आणि पाहुण्यांकडे, देवदर्शनालाही जाता येईल अशी एकच गाडी हवी. छोटा हत्ती घ्यावा की मोठी पिकअप? आणि एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) परवान्यावर ती चालवता येईल का?

तुम्ही कळवलंय की ऐन हंगामात एका तोड्याला 50 ते 55 क्रेट निघतात, एरवी 20-25. भरलेला क्रेट रिकाम्या क्रेटच्या वजनासह 22 किलो धरा. म्हणजे मोठ्या तोड्याला साधारण 1,200 किलो, एरवी 500 किलोच्या आसपास. छोटा हत्ती किंवा सुपर कॅरीसारख्या गाडीची क्षमता पाऊण टनाच्या आत-बाहेर असते, म्हणजे 33-34 क्रेट. दोस्त, इंट्रा व्ही 30, बोलेरो पिकअप या गाड्या सव्वा टन आणि त्यापुढच्या.

फक्त मालाचा विचार केला तर छोटी गाडी पुरते. मोठे तोडे हंगामात मोजकेच असतात, त्या दिवशी 14 किलोमीटरची दुसरी खेप करा. त्या मोजक्या दिवसांसाठी वर्षभर जास्त हप्ता आणि जास्त इंधन सोसू नका.

पण तुमच्या प्रश्नातला खरा पेच पाच माणसांचा आहे. सिंगल केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एक, फार तर दोघं बसतात. उरलेली हौद्यात बसणार, आणि ते मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही. वळणावर हौद्यातल्या माणसाला धरायला काही नसतं. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना संरक्षण आहे. हौद्यात प्रवासी म्हणून बसलेल्या नातेवाइकांची किंवा मजुरांची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते, मग तो बोजा गाडीमालकावर येतो. खुरपणीला बाया नेतानाही हेच लक्षात ठेवा. त्या आपल्या भरवशावर गाडीत चढतात.

म्हणून तुम्हाला डबल केबिन सुचवतो, बोलेरो कॅम्परच्या जातीची. पाच जण सीटवर बसतात आणि मागे टनाच्या आसपास माल जातो. हौदा आखूड असतो, त्यामुळे कांद्याच्या गोण्या आणि चाऱ्याच्या पेंढ्या कमी मावतील. कांद्याला वर्षातून काही खेपा भाड्याचा ट्रॅक्टर लावावा लागेल, तो लावा. घरात आधीच चारचाकी असती, तर मात्र छोटा हत्तीच घ्या म्हणालो असतो.

क्षमता जाहिरातीवरून ठरवू नका. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यातल्या फरकात माल, माणसं आणि तुम्ही नंतर बसवलेली लोखंडी जाळी, सगळं आलं. मोटार वाहन कायद्यात जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परमिट लागत नाही, हेही गाडी निवडताना पाहा. परवान्याचं विचारलंत : एलएमव्ही परवान्यावर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

प्रश्न : सांगोल्यात डाळिंब आहे. शेत ते गाव रोजच्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या. डिझेल की सीएनजी?

एवढ्याच फेऱ्या असतील तर डिझेल नको. बीएस-6 डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला इंजिन बराच वेळ गरम राहून पळावं लागतं. छोट्या फेऱ्यांत ते होत नाही, फिल्टर तुंबतो आणि खर्च निघतो. पेट्रोल किंवा सीएनजी घ्या. सीएनजीत टाकीच्या वजनाने भारक्षमता घटते, सुपर कॅरीत पेट्रोलला 740 तर सीएनजीला 625 किलो. शिवाय पंप रोजच्या वाटेवर नसेल तर वाचलेले पैसे पंपापर्यंतच्या फेऱ्यांतच जातील.

या गाड्यांना ओढ मागच्या चाकांवर असते. पावसाळ्यात काळ्या रानात रिकामी गाडी घातली की मागे वजन नसल्याने चाकं जागीच फिरतात. बांधापर्यंत मुरूम टाकून घ्या, चारही चाकांना ओढ देणाऱ्या फोर बाय फोर गाडीच्या पैशांपेक्षा ते स्वस्त पडतं.

प्रश्न : पिकअपला अनुदान आहे का? नाहीतर सातआठ वर्षांची जुनी घ्यावी का?

महाडीबीटी या राज्य सरकारच्या अनुदान पोर्टलवर यांत्रिकीकरणात ट्रॅक्टर, पॉवर टिलर, औजारं आहेत. साधी पिकअप त्यात नाही, कोणी मिळवून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

जुनी घ्यायला हरकत नाही, पण पडताळून. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मूळ संख्येपेक्षा वाढवलेले दिसले तर ती गाडी जादा भाराने वापरलेली आहे, सोडून द्या. फाळका उघडून हौद्याचा तळ आणि त्याखालची चॅसी गंजली का ते खाली वाकून पाहा. भरल्या गाडीने चढ चढून बघा, मागून घरघर आली तर डिफरन्शियल (मागच्या चाकांना ओढ देणारा गिअरचा भाग) तपासून घ्या. आठ वर्षांपर्यंत फिटनेस प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी लागतं, त्यानंतर दरवर्षी, तो खर्च किमतीत धरा. प्रलंबित ई-चलन ऑनलाइन पाहा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.